तव्यावरचं तेल मोरीत जाऊ देऊ नका: कोकणात नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

बदलीवर आला असाल, निवृत्तीनंतर गावच्या घरी परतला असाल किंवा तारकर्ली-गुहागरकडे चार खोल्यांचं निवास-न्याहरी सुरू करत असाल, तर इथल्या स्वयंपाकघराचा एक नियम पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पाडून घ्या. कोणतंही तेल, तूप, चरबी किंवा नारळाचं दूध सिंकमध्ये जाऊ द्यायचं नाही. मोठ्या शहरात सिंकमधून गेलेलं तेल भुयारी गटारात उतरतं आणि पुढचा त्रास पालिकेच्या माणसांच्या वाट्याला येतो. कोकणातल्या बहुतेक गावांत भुयारी गटारच नाही. तुमच्या मोरीचं पाणी तुमच्याच परसात मुरतं आणि तिथून काही पावलांवर पिण्याच्या पाण्याची विहीर असते, तुमची नाहीतर शेजाऱ्यांची. सांडपाणी आणि पिण्याचं पाणी यांच्यात इथे फार अंतर नाही, म्हणून एवढा आग्रह.

आधी पाणी कुठे जातं ते बघा

घरमालकाला, शेजारच्या वहिनींना किंवा घर बांधणाऱ्या गवंड्याला विचारा, "मोरीचं पाणी खंय जाता?" उत्तर मिळालं तरी स्वतः खात्री करून घ्या. बादलीभर पाण्यात भरपूर साबणाचा फेस करा, सिंकमध्ये एकदम ओता आणि बाहेर कुठल्या चेंबरला किंवा चरात फेस दिसतो ते कुणाला तरी पाहायला सांगा.

जुन्या घरांत बहुतेकदा सांडपाणी केळी, अळू, कर्दळ नाहीतर माडाच्या आळ्यात सोडलेलं असतं. ही सोय चांगली आहे, फक्त पाण्यात तेल नको. तेलकट पाणी मातीच्या कणांवर बसतं, मग पाणी मुरेनासं होतं आणि मुळांना हवा मिळत नाही. आठवडाभरात तिथे काळपट चिखल साचतो, त्याला वास सुटतो, उंदीर-घुशी येतात.

नव्या घरांत शोषखड्डा असतो. काही ठिकाणी स्वयंपाकघराचं पाणी सेप्टिक टाकीत नेऊन तिथून शोषखड्ड्यात सोडतात. सेप्टिक टाकीत तेल वर तरंगतं आणि त्याची साय धरते. बाहेर जाणारा पाइप या सायीच्या खालून पाणी उचलेल अशा बेतानं बसवलेला असतो. साय जाड होत होत पाइपच्या तोंडाखाली उतरली, की तेल थेट शोषखड्ड्यात जातं आणि खड्ड्याच्या भिंतींवर बुळबुळीत थर बसतो. टाकी उपसता येते, पण तेलानं बुजलेला शोषखड्डा सहसा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, दुसरा खणावा लागतो.

इथल्या जमिनीतला जांभा दगड सच्छिद्र असतो, त्यात सगळं जिरतं, असा इथे अनेकांचा भरवसा आहे. तो अर्धाच खरा. जांभ्यातल्या पोकळ्यांतून आणि भेगांतून पाणी भराभर पुढे सरकतं, वाळूतल्यासारखं गाळलं जात नाही. त्यामुळे भिंत बुजण्याआधी घाण विहिरीकडे जाण्याचा धोका आणि बुजल्यावर अंगणात तुंबण्याचा. घर भाड्यानं किंवा विकत घेताना शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे साधारण साठ फूट, लांब आहे का हे पावलं टाकून मोजा.

शहरी भागात फ्लॅट असेल तर इमारतीच्या टाकीची चौकशी सोसायटीत करा. तिथे तळमजल्यावर राहणाऱ्यांचा विचार सगळ्यांनी करायला हवा. वरच्या चार घरांचं तेल त्यांच्याच मोरीतून वर येतं.

इथलं स्वयंपाकघर वेगळं का

खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठतं. मे महिन्यात पातळ असलेली बाटली पौषात सकाळी घट्ट होते, हे इथे लहान मुलालाही ठाऊक असतं. पाइपमध्येही तेच होतं. सोलकढी, माशाचं कालवण, उसळ, सगळ्यात नारळ. ताट विसळलं की त्यातला स्निग्धांश थंड पाइपच्या कडांना चिकटतो. थंडीत सकाळी सिंकचं पाणी हळू उतरतं आणि दुपारी बरं चालतं, असं दिसलं तर पाइपात चरबी धरली आहे असं समजा आणि लगेच कामाला लागा.

"आम्ही सूर्यफुलाचं वापरतो, ते गोठत नाही," हे उत्तर बरेचदा ऐकू येतं. ते तेल बाटलीत गोठत नाही हे खरं. पण तळलेल्या तेलात सुटलेली स्निग्धाम्लं सांडपाण्यातल्या आणि सिमेंटमधल्या कॅल्शियमशी मिळून साबणासारखा कडक, पांढरट थर धरतात. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली गटारात असा २५० मीटर लांबीचा आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. तो फोडून काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले. आपल्या दोन इंची पाइपाला त्यातला मूठभर पुरतो. त्यात इथे तळलेल्या माशाचा रवा, तांदळाचं पीठ, पेजेची खळ आणि खवले मिसळतात. नुसतं तेल पुढे सरकेलही, रव्यानं बांधलेलं तेल जागचं हलत नाही.

पाण्याआधी कागद

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा. तेलकट भांड्याला पाणी लावण्याआधी ते पुसायचं.

सुरमई तळली असं धरू. शेवटची तुकडी काढून गॅस बंद केला की तवा तसाच राहू द्या. उकळतं तेल उचलून कुठेही ओतायला जाऊ नका, स्वयंपाकघरातले भाजण्याचे कित्येक अपघात याच क्षणी होतात. पंधरा-वीस मिनिटांत रवा तळाशी बसतो आणि तेल कोमट होतं. आता स्टीलच्या डब्यावर बारीक गाळणी ठेवून वरचं निवळ तेल अलगद ओता. तळाशी करड्या-तपकिरी रव्याचा लगदा उरेल. तो उलथन्यानं एका कडेला ओढून जुन्या वर्तमानपत्रावर घ्या. मग कागदाचा दुसरा तुकडा चुरगळून तवा आतून पुसा, आधी कडा आणि मग मध्य. कडेला धरलेला चिकट पिवळा थर सगळ्यात हट्टी असतो. तो निघत नसेल तर चिमूटभर राख किंवा कोरडं पीठ टाकून पुन्हा पुसा. पुसलेल्या तव्यावर बोट फिरवलं तर बोट चमकावं, पण ओलं होऊ नये. एवढं झालं की मगच साबण आणि पाणी.

तेल तव्यावर गार होऊन गोठू देऊ नका, विशेषतः खोबरेल आणि वनस्पती तूप. कोमट असतानाच पुसलं की एका कागदात काम होतं.

बिडाचा तवा असेल तर साबणाची गरजच नाही. घावन-आंबोळी काढून झाल्या की पुसून ठेवायचा. इथल्या घरांत अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवतात. नवीन आलेल्यांनी ही रीत जरूर उचलावी. तेल लागतं तेवढंच लागतं आणि पुसायला जवळपास काही उरतच नाही. भांडी घासायला राख आणि सोडण (नारळाची साल) अजून बऱ्याच घरांत असतं. राख तेल शोषते आणि तिच्यातला क्षार चरबी सोडवतो, म्हणून राखेनं घासलेलं भांडं कमी पाण्यात निघतं. मात्र ती राख सिंकमध्ये धुऊ नका, ती पाइपात बसते. बाहेरच्या मोरीवर किंवा परसात घासा.

नारळाच्या दुधाचं वेगळं. मिक्सरचं भांडं विसळलेलं पहिलं पाणी आमटीत किंवा कालवणात घालायची इथल्या घरोघरची पद्धत आहे, ती चवीलाही चांगली आणि पाइपालाही. चोथा सुकवून चटणीला किंवा थेट खताच्या खड्ड्यात. उरलेली सोलकढीही खड्ड्यातच. लोणी कढवलेल्या पातेल्यात बेरी काढून घेतल्यावर पोळीची कणीक मळा, भांडं पुसल्यासारखं कोरडं होतं. कोंबडीच्या किंवा मटणाच्या रश्श्यावरचा जादा तवंग टाकायचा असेल तर रस्सा फ्रिजमध्ये ठेवा, वर घट्ट थर धरतो आणि चमच्यानं सबंध उचलता येतो.

ताटांचंही तेच. खरकटं आधी बाजूला काढा, मग ताट पुसा. घरात माणसं आली की हे विसरायला होतं. गणपतीत चाकरमानी उतरतात, एकेका घरात वीस-पंचवीस पानं वाढली जातात, वडे-पुऱ्या-करंज्यांचं तळण दिवसभर चालतं, आणि बाहेर भाद्रपदातला पाऊस. मोऱ्या तुंबतात त्या नेमक्या याच पाच-सात दिवसांत. सिंकशेजारी एक टोपली आणि कागदांचा गठ्ठा ठेवा आणि ताट आणून देणाऱ्या प्रत्येकाला, अगदी पाहुण्या काकांनाही, आपलं ताट पुसूनच ठेवायला सांगा. घरच्या मोठ्या बाईनं एकदा सांगितलं की सगळे ऐकतात.

गाळलेलं तेल

झाकणाचा स्टीलचा किंवा पत्र्याचा डबा यासाठी वेगळा ठेवा. गरम तेल प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतू नका. मासे तळलेल्या आणि पुऱ्या तळलेल्या तेलाचे डबे वेगळे असावेत. मासळीचं तेल एक-दोन दिवसांत फोडणीला किंवा पुन्हा माशालाच संपवा. जुन्या तेलात नवं भरत राहणं सगळ्यात वाईट, कारण जुनं नव्यालाही लवकर बिघडवतं. तेल काळपट झालं, तापवताना फेसाळलं, लवकर धुरावलं किंवा बोटाला चिकट लागलं की ते पोटात जाता कामा नये. हॉटेलांसाठी तर कायदाच आहे. तळणाच्या तेलातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल तापून बिघडताना वाढत जाणारे घटक, २५ टक्क्यांवर गेली की ते वापरता येत नाही, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे.

घरातलं वाटी-दोन वाटी तेल टाकायचं असेल तर ते शोषून घ्या. इथे त्यासाठी विकत काही आणावं लागत नाही. गिरणीतला भाताचा तूस, लाकडाचा भुसा, काथ्या सोडवताना पडणारा बारीक चुरा, चुलीतली थंड राख, यातलं काहीही चालतं. जुन्या डब्यात भुसा घ्या, थंड तेल थोडं थोडं ओता, काठीनं कालवा. तेल गळेनासं झालं की कागदात बांधून घंटागाडीत द्या. ओला की सुका, हे तुमच्या नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याला विचारून घ्या, ठिकठिकाणी वेगळं सांगतात.

जिथे घंटागाडी येत नाही तिथे न्हाणीच्या चुलीशी असा तेलकट कागद किंवा चिमूट-दोन चिमूट भुसा झावळ्या पेटवायला वापरता येतो. एका वेळी एकच बोळा टाका, कारण भडका उडतो. पेटत्या चुलीत तेल ओतण्याचा विचारही नको. आणखी एक काळजी घ्या. तेलानं भिजलेली फडकी चुरगळून ढिगानं उन्हात किंवा गरम जागी ठेवू नका, ती आतल्या आत तापून पेटू शकतात. फडकी पसरून वाळवा.

गोबरगॅस असेल तर खरकट्याबरोबर जाणारा थोडा तेलकटपणा चालतो, तेलाचा डबा ओतायचा नाही. गॅस करणारे जिवाणू त्यानं मंदावतात. गुरांच्या आंबोणातही तळणीचं तेल घालू नका. व्हाळात (ओढ्यात), खाडीत, बंदरावर तर अजिबात नाही. पाण्यावर तवंग पसरला की हवा पाण्यात मिसळेनाशी होते, आणि कांदळवनाची झाडं चिखलातून वर काढलेल्या मुळांनी श्वास घेतात, त्यांच्यावर तेल बसलं तर ती घुसमटतात. ज्या खाडीतून कालवं आणि तिसऱ्या आणून आपण खातो, तिच्यात आपलंच जळकं तेल सोडणं मला सहन होत नाही.

सिंकखालचं काम

सिंकला बारीक जाळी हवीच. मोठ्या भोकांची असेल तर आत दुसरी स्टीलची बसवा आणि प्रत्येक वेळी भांडी घासून झाली की कचऱ्यात आपटा. सिंकखाली बॉटल ट्रॅप, म्हणजे गाळ अडवणारा बाटलीसारखा भाग, असेल तर तो हातानं उघडता येतो. महिन्यातून एकदा खाली बादली ठेवून उघडा, आतला करडा गाळ कागदावर काढा, रबरी वायसर नीट बसवून परत लावा. लवलवीत घडीदार पाइप असेल तर तो बदलून घ्या, त्याच्या प्रत्येक घडीत चरबी धरते.

बाहेरची लाइन नव्यानं घालत असाल तर प्लंबरला तीन गोष्टी ठामपणे सांगा. उतार दहा फुटाला निदान तीन इंच ठेवायचा. काटकोनी वळण टाळून दोन अर्धी वळणं घ्यायची. आणि प्रत्येक वळणाला डोअर बेंड किंवा डोअर टी लावायची, म्हणजे उघडून साफ करता येईल. फरशीखाली गाडलेलं, न उघडणारं वळण पुढे फरशी फोडायला लावतं.

तुंबलंच तर आधी रबरी पंप, नंतर प्लंबरची स्प्रिंग. उकळतं पाणी ओतायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यानं चरबी वितळते आणि चार फूट पुढे जाऊन, जिथे तुमचा हात पोचत नाही तिथे, पुन्हा गोठते. पीव्हीसी पाइप आणि सांधेही उकळत्या पाण्यानं नरम होतात. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतल्यावर फेस छान दिसतो, पण दोघं एकमेकांचाच जोर मारतात, चरबीला फारसं काही होत नाही. कॉस्टिकची पावडर हाताला आणि डोळ्यांना भाजते आणि जास्त गेली तर सेप्टिक टाकीतले जिवाणू मारते. तीवर अॅसिड ओतणं धोक्याचं, आणि अॅसिड व ब्लीचिंग एकत्र आलं तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद न्हाणीघरात हे जिवावर बेतू शकतं. मुलंबाळं असलेल्या घरात मी या पावडरी आणूही नका असंच सांगेन.

निवास-न्याहरी आणि खानावळीसाठी

रोज पंधरा-वीस पाहुण्यांचं जेवण होत असेल तर पुसण्यावर भागत नाही, ग्रीस ट्रॅप, म्हणजे चरबी अडवणारा चेंबर, बांधा. स्वयंपाकघराबाहेर, सावलीत, दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि पाण्याची खोली निदान वीस इंच राहील असा चेंबर पुरतो. आत येणाऱ्या पाइपाला टी लावून त्याचं तोंड पाण्याखाली ठेवा, म्हणजे येणारं पाणी वरचा थर ढवळणार नाही. बाहेर जाणाऱ्या पाइपालाही टी, तिचं खालचं तोंड तळापासून अर्धा फूट वर. तेल वर तरंगतं, रवा खाली बसतो आणि मधलं पाणी पुढे जातं. बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा दोन इंच खाली हवा. संडास-न्हाणीची लाइन याला कधीही जोडू नका, आणि पागोळ्यांचं पाणीही त्यात शिरू देऊ नका. आषाढातल्या एका सरीनं साठलेली सगळी चरबी उचलून शोषखड्ड्यात जाते.

दर आठवड्याला झाकण उघडून जुन्या झाऱ्यानं वरचा थर काढा. वरचा थर आणि खालचा गाळ मिळून खोलीच्या चौथ्या भागापर्यंत येऊ देऊ नका. काढलेलं भुशात कालवून कचऱ्यात. झाकण घट्ट बसणारं हवं, नाहीतर डास होतात.

तळणीचं तेल मात्र ट्रॅपपर्यंत जायलाच नको. ते गाळून डब्यात साठवा आणि अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची 'रुको' ही योजना ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झाली. वापरलेलं तेल पुन्हा खाण्यात न येता त्याचं बायोडिझेल व्हावं हा तिचा हेतू. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवणं आणि अधिकृत संस्थेला देणं १ मार्च २०१९ पासून बंधनकारक आहे. तुमचा वापर कमी असला तरी वहीत तारीख आणि लिटर लिहीत जा, आणि शेजारच्या दोन-चार खानावळींचं तेल एकत्र साठवलंत तर गाडी यायला तयार होते. दारावर येऊन जास्त भाव देणाऱ्या अनोळखी माणसाला तेल विकू नका. ते गाळून परत कुणाच्या तरी वड्याच्या कढईत पडतं.

मृगाआधी

आगोट जवळ आली की कौलं चाळतात, लाकडं आत घेतात. त्याच यादीत चेंबर घाला. मे महिन्यात सगळी झाकणं उघडा, कडांना धरलेला पांढरा थर खरवडून काढा, पाइपात स्प्रिंग फिरवून घ्या, शोषखड्ड्याभोवतीची माती उंच करा म्हणजे पावसाचं पाणी आत वळणार नाही. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी इतकं वर येतं की चांगला शोषखड्डाही जेमतेम चालतो, अर्धा बुजलेला तर पहिल्याच झडीत अंगणात उलटतो.

सेप्टिक टाकी उपसायची असेल तर तीही पावसाआधीच. एकदा तांबडी माती भिजली की पाणंदीतून टँकर आत येत नाही. टाकीत माणूस कधीही उतरवू नका, साय फोडायलाही नाही आणि पाच मिनिटांसाठीही नाही. आतल्या वायूनं माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. असं काम माणसाकडून करून घ्यायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. सक्शनची गाडीच बोलवा, आणि गाडी भरून निघण्याआधी गाडीवाल्याला मैला कुठे रिकामा करणार ते विचारा. नगरपरिषदेनं ठरवून दिलेली जागा सांगितली तर ठीक. व्हाळाचं किंवा कातळावरच्या एखाद्या खळग्याचं नाव घेतलं तर दुसरी गाडी शोधा.